ग्लोमस जुगुलारे : कवटीच्या तळाची गाठ आणि कमी झालेली श्रवणशक्ती – उपचार ठरवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार,

माझ्या थोरल्या बहिणीला डाव्या कानाने हळूहळू कमी ऐकू येऊ लागले आणि त्याच कानात सतत धकधक सुरू झाली. मनगटावर बोट ठेवून पाहिले, तर कानातला ठोका आणि नाडी तंतोतंत जुळते. आधी मळ, मग पडद्यामागे साचलेले पाणी समजून औषधे झाली. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांना पडद्याआडून लालसर गाठ दिसली. अशा गाठीत रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि छेद दिल्यास मोठा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तुकडा न काढता त्यांनी सीटी स्कॅन आणि एमआरआय करून घेतला. निदान ग्लोमस जुगुलारे असे आहे. मेंदूकडून येणारी मोठी शीर कानाजवळ कवटीच्या तळाच्या हाडांमधील ज्या छिद्रातून मानेत उतरते, तिथे ही गाठ उगम पावते. ती बहुधा कर्करोगाची नसते व सावकाश वाढते, हा मोठाच दिलासा आहे.

ऑडिओमेट्रीनुसार दोष मधल्या कानात आहे. आतला कान आणि श्रवणाची नस अजून शाबूत आहे. खरी अडचण निर्णयाची आहे. गिळणे, आवाज आणि खांद्याची हालचाल सांभाळणाऱ्या नसा त्याच छिद्रातून जातात, त्यामुळे शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली तरी त्यांना इजा होण्याची भीती आहे. ताईचा आवाज आणि गिळणे आज अगदी व्यवस्थित आहे; ऐकू येण्यासाठी ते पणाला लावू नये, असे मला मनापासून वाटते. नेमक्या जागी दिलेल्या रेडिएशनने गाठ नाहीशी होत नाही, पण तिची वाढ बहुतेक वेळा थांबते, आणि तूर्त काहीही न करता ठरावीक अंतराने एमआरआय करत राहणे हाही पर्याय डॉक्टरांनी ठेवला आहे.

ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी यांपैकी एखादा मार्ग निवडला असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. रेडिएशननंतर कानातली धकधक कमी झाली का, आणि उरलेली श्रवणशक्ती टिकली का? शस्त्रक्रिया झालेल्यांना गिळण्याचा त्रास झाला असल्यास तो व्यायामाने कितपत सुधारला?

आणखी एक विचारायचे आहे. यांतील काही गाठी आनुवंशिक असतात आणि एसडीएचडी या जनुकातील दोष वडिलांकडून आला असेल तर गाठी होण्याचा धोका असतो, असे समजले. आम्ही भावंडांनी जनुकीय तपासणी ताईच्या अहवालानंतर करावी की लगेच, याबद्दल जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.