मॅगव्हीलवर अ‍ॅसिड मारणं बंद व्हायला हवं का? डायमंड कट अलॉयसाठी नक्की काय वापरावं

कोथरूडचा_सारथी

नेक्सॉन घ्या, क्रेटा घ्या, टॉप मॉडेल म्हटलं की डायमंड कट अलॉय आलेच. आणि गाडी वॉशिंगला दिली की तिथला पोरगा पहिलं काम काय करतो तर लेबल नसलेल्या कॅनमधलं अ‍ॅसिडचं पाणी स्प्रेने चाकांवर मारतो. दोन मिनिटांत सगळा काळा थर वाहून जातो, चाक चकाचक, मालक खूश. माझं स्पष्ट मत आहे की अशा चाकांवर हा प्रकार पूर्ण बंद व्हायला हवा.

कारण डायमंड कट म्हणजे काय ते बघा. आधी अख्खं चाक रंगवतात, मग लेथवर समोरच्या भागाचा पातळ थर कापून खालचं उघडं अ‍ॅल्युमिनियम चमकवतात आणि त्यावर पारदर्शक लॅकर मारतात. म्हणजे उघडा धातू आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये फक्त तो लॅकर. फुटपाथला घासून किंवा खडी उडून त्याला कुठेतरी बारीक चीर पडलेली असतेच, त्यातून अ‍ॅसिड आत शिरतं आणि काही महिन्यांनी लॅकरच्या खाली पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेषा पसरत जातात. त्या वरून कितीही घासा जात नाहीत, कारण गंज आतमध्ये आहे. मग परत लेथवर चढवायचं, आणि तेही एकाच चाकाला परत परत करता येत नाही कारण दर वेळी धातू कमी होतो.

माझ्या मते पीएच न्यूट्रल, म्हणजे ना अ‍ॅसिड ना अल्कली असलेलं व्हील क्लीनर किंवा साधा कार शाम्पू, एवढ्यावर भागतं. बाकीच्यांचं काय म्हणणं?

फोमगनवाला

वॉशिंग सेंटर माझंच आहे त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. सगळ्यांना एका मापाने मोजू नका साहेब. माझ्याकडे गाडी येते तेव्हा तीन-तीन महिने चाकांना हात लागलेला नसतो, ब्रेकची धूळ तापून तापून रिमवर भाजून बसलेली असते, तुमचा शाम्पू तिथे फक्त वरची माती काढणार. गिऱ्हाईक चारशे-पाचशे रुपयात अख्खी गाडी आतून बाहेरून मागतं आणि चाक काळं राहिलं तर पहिली तक्रार त्याचीच. एका गाडीच्या चार चाकांवर अर्धा तास ब्रश मारत बसलो तर मागची लाईन कोण बघणार. आम्ही अ‍ॅसिड वापरतो पण एकाला दहा पाणी घालून, आणि मिनिटभरात प्रेशरने धुतो. इतकी वर्षं धंद्यात आहे, नीट वापरलं तर काही होत नाही.

प्रयोगशाळा_ताई

दादा, तुमची धंद्याची अडचण खरी आहे पण ते एकाला दहाचं गणित तुम्हाला वाटतं तेवढं कामाचं नाही. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. पीएच 1 असलेलं तीव्र अ‍ॅसिड दहापट पातळ केलं की 2 होतं, शंभरपट केलं की 3. सात, म्हणजे न्यूट्रल, फार लांब राहिला. म्हणजे तुम्ही मारता ते पातळ केल्यावरही चांगलं जहाल आहे.

आणि त्याहून मोठा प्रश्न, कॅनमध्ये नक्की कुठलं अ‍ॅसिड आहे? फॉस्फोरिक, ऑक्झॅलिक असेल तर एक गोष्ट. हायड्रोफ्लोरिक किंवा अमोनियम बायफ्लोराइड असेल तर चाक बाजूला ठेवा, आधी तुमच्याकडची मुलं. बायफ्लोराइड पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोफ्लोरिकच तयार होतं. ते कातडीतून आत उतरतं आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि पातळ असलं तर लगेच दुखतही नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी बोटं ठणकायला लागतात. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात आणि ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. उघड्या हाताने, चपला घालून हे मारणारी पोरं मी रस्त्याकडेला बघते तेव्हा पोटात गोळा येतो. कॅनवर घटकांची नावं नसतील तर घेऊच नका, एवढं तरी कराच.

बिनधास्त_बुलेट

अ‍ॅसिड नको म्हणून लोक उलट्या टोकाला जातात ते पण सांगा कोणीतरी. आमच्या ओळखीत एकाने इंजिन धुवायचं डीग्रीझर चाकांवर मारलं, अ‍ॅसिड नाही म्हणजे सेफ असं समजून. अ‍ॅल्युमिनियम सगळं पांढुरकं डागाळलं.

प्रयोगशाळा_ताई

बरोबर, अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड आणि अल्कली ही दोन्ही टोकं चालत नाहीत. कॉस्टिक सोडा असलेल्या क्लीनरमध्ये ते चक्क विरघळायला लागतं, हायड्रोजनचे बुडबुडे येतात. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं धुण्याच्या सोड्यात ठेवलं की काळवंडतं, तोच प्रकार. अ‍ॅनोडाइज केलेली, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइड चढवलेली रिम असेल तर तिच्यावरचा ऑक्साइडचा थर साधारण पीएच 4 ते 8.5 मध्येच टिकतो. त्यामुळे "अ‍ॅसिड फ्री" असं लिहिलंय म्हणून बाटली उचलू नका.

कोथरूडचा_सारथी

हेच म्हणतोय मी, आधी चाकावर फिनिश कुठलं आहे ते बघायचं आणि मग बाटली निवडायची. लोक उलटं करतात, मळ बघून बाटली निवडतात. साधी सिल्व्हर रंगाची लॅकरवाली रिम किंवा पावडर कोट (पावडर भाजून चढवलेला रंग) असेल तर बऱ्यापैकी सोसते. डायमंड कट, अ‍ॅनोडाइज्ड आणि नुसतं पॉलिश केलेलं उघडं अ‍ॅल्युमिनियम, ही नाजूक मंडळी. क्रोमवर टॉयलेट क्लीनर मारणारे पण आहेत, त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि ते क्रोमचा थर खातं. मॅट काळी रिम असेल तर तिला चमक देणारं पॉलिश किंवा वॅक्स लावू नका, मधेच चकाकणारे डाग पडतात.

घाटरस्ता_गुरुजी

माझं मत दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं आहे. ही सगळी बाटल्यांची चर्चाच अर्धी अनावश्यक आहे. दर आठवड्याला बादलीभर पाणी, कार शाम्पू आणि मऊ ब्रश, विषय संपला. धूळ बसून भाजूच द्यायची नाही. आमच्या स्विफ्टची पुढची दोन चाकं काळी होतात आणि मागची जवळपास स्वच्छ राहतात, कारण मागे ड्रम ब्रेक आहे, भुकटी ड्रमच्या आतच राहते. म्हणजे मेहनत मुळात दोनच चाकांची. त्यासाठी पाचशे-सातशेची, चाकावर मारल्यावर जांभळी होणारी आयर्न रिमूव्हरची बाटली कशाला? लोकांना तो रंग बदललेला बघायला मजा येते म्हणून विकतात असं माझं ठाम मत आहे.

प्रयोगशाळा_ताई

गुरुजी, आठवड्याच्या धुण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण तो जांभळा रंग दिखाव्यासाठी घातलेला नाही. त्या बाटलीत थायोग्लायकोलेट असतं, पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात त्याच जातीचं, म्हणून तो कुजकट वास. ब्रेक मारला की कास्ट आयर्नच्या डिस्कमधून लोखंडाचे बारीक कण सुटतात, गरम असतानाच लॅकरवर चिकटतात आणि तिथेच गंजतात. ते रसायन त्या लोखंडाला धरून पाण्यात सोडवतं, जांभळा रंग त्या लोखंडाचाच. शाम्पू हे करू शकत नाही आणि घासून काढायला गेलात तर लॅकरवर चरे पडतात. शिवाय बहुतेकांचा पीएच सातच्या आसपास असतो. वर्षातून तीन-चार वेळा पुरे, दर रविवारी मारायची गरज नाही.

घाटरस्ता_गुरुजी

बरं, चिकटलेल्या कणांसाठी मानलं. पण नियमित धुणाऱ्याला ती बाटली वर्षभर पुरेल आणि न धुणाऱ्याला ती एकटी पुरणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

रत्नांग्रीचो_झिलगो

आमच्या किनाऱ्यावर बसून हे वाचतोय. इथे ब्रेकच्या धुळीपेक्षा खारी हवा जास्त त्रास देते. लॅकरला चीर पडली की ते पांढरे धागे घाटावरच्या गाडीपेक्षा लवकर येतात, अ‍ॅसिड न मारता पण. आणि पावसाळ्यात जांभ्याची लाल माती. ती माती आहे ओ, आधी पाण्याने भिजवून सुटू दे आणि मग मऊ मिट (धुण्याचा हातमोजा) फिरवा, कोरडी असताना फडका मारलात की रेतीने सगळं चाक ओरखडतं. आतल्या बाजूने पण धुवा, तिथे कोणी बघत नाही पण मीठ तिथेच बसतं. प्रश्न एवढाच, नव्या रस्त्याचं डांबर उडून चिकटतं त्याला काय? रॉकेल चालतं का?

फोमगनवाला

डांबराला टार रिमूव्हरच घ्या. फडक्यावर घेऊन डागापुरतं लावायचं, मऊ झालं की पुसायचं आणि लगेच शाम्पूने धुवायचं. रॉकेल टायरवर गेलं की रबर खराब होतं. आणि आतल्या बाजूला बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात त्यांच्यावर ओतू नका, गोंद सुटला की चाक थरथरतं आणि मग लोक अलाइनमेंटवाल्याला शिव्या देतात.

ताईंचं हाताचं म्हणणं मला लागलं. पोरांना हातमोजे आणि गॉगल उद्यापासून देणार आणि नाव नसलेला कॅन घेणार नाही. पण अ‍ॅसिड पूर्ण बंद करा हे मला अजून पटत नाही. जुन्या रंगवलेल्या स्टील रिमवर किंवा ट्रकच्या चाकावर फॉस्फोरिकवालं वापरलं तर बिघडलं काय?

कोथरूडचा_सारथी

स्टील रिमला वापरा, त्याला माझा विरोध नाही. माझी मागणी डायमंड कटपुरती आहे, आणि गिऱ्हाईकाला विचारून मारा एवढी. त्याला सांगा की शाम्पू आणि ब्रशने करतो, चाकांचे शंभर रुपये जास्त होतील. ज्याने दीड लाख जास्त देऊन टॉप मॉडेल घेतलंय तो शंभर रुपये देतो, त्याला फरक कोणी सांगितलेला नसतो.

बिनधास्त_बुलेट

एक राहिलं. चाक गरम असताना काहीच मारू नका, न्यूट्रल असलं तरी. घाटातून उतरून थेट वॉशिंगला गाडी लावतात लोक, रसायन लगेच वाळतं आणि डाग पाडतं, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारणं डिस्कला पण वाईट. हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, सावलीत लावा, एका वेळी एकच चाक.

रत्नांग्रीचो_झिलगो

आणि धुतल्यावर डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, लोखंड ओलं झालं की येतोच. गाडी थोडी फिरवून दोन-चारदा हळू ब्रेक मारला की साफ. @फोमगनवाला, टार रिमूव्हर पॉलिश केलेल्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर चालतं का, की फक्त लॅकरवाल्यावर?

फोमगनवाला

धातूला तसं काही करत नाही, ते सॉल्व्हेंट आहे. तरी आधी चाकाच्या आतल्या बाजूला छोट्या जागी लावून बघा, मग समोर.