मदत हवी आहे: एपीए ७ मध्ये ईपीडब्ल्यूचे जुने लेख आणि मराठी नियतकालिकांचे संदर्भ कसे द्यायचे?

कासवगती:

समाजशास्त्राचा पीएचडी प्रबंध इंग्रजीत आहे. विद्यापीठाला एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भ-पद्धतीची सातवी आवृत्ती हवी आहे. झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि वर्ड वापरतोय. संदर्भयादीत दोनशेच्या आसपास नोंदी आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त जर्नलमधल्या लेखांच्या. पुढच्या गोष्टींवर अडलंय:

१. ईपीडब्ल्यू ('इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली') साप्ताहिक आहे, मग फक्त साल द्यायचं की पूर्ण तारीख? गेल ऑम्वेट यांचा जोतीराव फुल्यांवरचा १९७१ चा लेख यादीत महिना-तारखेसकट उमटतो. शिवाय त्याची पानं १९६९–१९७९ दिसतात. पानांच्या जागी चुकून सालं शिरली आहेत का?

२. जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहावरून घेतलेल्या लेखांची लिंक द्यायची का? तिथला आकडा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) म्हणून चालेल?

३. एम. एन. श्रीनिवास यांचा संस्कृतायझेशनवरचा १९५६ चा लेख एका ठिकाणी 'फार ईस्टर्न क्वार्टर्ली'त दिसतो, दुसऱ्या ठिकाणी 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये. खरं कुठलं?

४. नवभारत, समाज प्रबोधन पत्रिका आणि दिवाळी अंकांतले लेख इंग्रजी प्रबंधात कसे लिहायचे?

५. अर्ध्या नोंदींत लेखाच्या शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, अर्ध्यांत नाही.

तळटीप:

आधी पहिला प्रश्न, कारण त्यात झोटेरोची एक खोच आहे. ईपीडब्ल्यूला जर्नलच धरा. त्याला खंड आहे, अंक आहे, त्यामुळे कंसात नुसतं साल पुरे. तरी पूर्ण तारीख उमटतेय, म्हणजे त्या नोंदीचा आयटम टाइप 'मॅगझिन आर्टिकल' झालेला असणार. तो 'जर्नल आर्टिकल' करा. तारखेच्या रकान्यात पूर्ण तारीख राहिली तरी बिघडत नाही, एपीएची शैली जर्नलच्या लेखातून फक्त साल उचलते. प्रकार बदलल्यावर 'इश्यू'चा रकाना रिकामा नाही ना, तेवढं बघा. तिथे ३७ हवेत.

पानं बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका. त्या काळात ईपीडब्ल्यूचे पृष्ठांक वर्षभर सलग चालायचे, म्हणून सप्टेंबरपर्यंत आकडा दोन हजाराच्या जवळ पोचलेला दिसतो. नोंद अशी होईल (इथे देवनागरीत, प्रबंधात अर्थात रोमनमध्ये):

ऑम्वेट, जी. (१९७१). जोतिराव फुले अँड दि आयडिऑलॉजी ऑफ सोशल रेव्होल्यूशन इन इंडिया. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, ६(३७), १९६९–१९७९.

जर्नलचं नाव आणि खंडाचा ६ तिरप्या ठशात. कंस आणि त्यातला ३७ सरळ. सहा आणि कंसामध्ये जागा सोडायची नाही. फुल्यांच्या नावाचं स्पेलिंग लेखाच्या शीर्षकात छापलंय तसंच ठेवा. तुमच्या प्रकरणात तुम्ही वेगळं लिहीत असाल तरी शीर्षक 'सुधारायचं' नाही.

ईपीडब्ल्यूचा खंड पडताळायला सोपी युक्ती: सालातून १९६५ वजा करा. १९७१ ला ६, २०१५ ला ५०. जमत नसेल तर साल किंवा खंड यांपैकी काहीतरी चुकलंय. त्याआधीचे, म्हणजे १९४९ ते १९६५ चे लेख 'इकॉनॉमिक वीकली'तले आहेत. त्यांच्यापुढे 'अँड पोलिटिकल' लावलेलं दिसलं तर काढून टाका.

पानकोंबडी:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्याच पोटात आहे. लेख छापला गेला तेव्हा अंकावर जे नाव होतं तेच द्यायचं. श्रीनिवासांचा लेख 'फार ईस्टर्न क्वार्टर्ली'च्या खंड १५, अंक ४ मध्ये आला, पानं ४८१–४९६. ऑगस्ट १९५६ चा हा अंक त्या नावाचा शेवटचा. नोव्हेंबरपासून, खंड १६ च्या पहिल्या अंकापासून 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'. काही डेटाबेस जुन्या अंकांनाही आजचंच नाव चिकटवतात, आणि झोटेरो तेच मुकाट्याने उचलतं. म्हणून नोंद जुळवायची ती पीडीएफच्या पहिल्या पानाशी. डेटाबेसच्या पडद्यावर काय दिसतं ते धरू नका. २०० नोंदींना एक दिवस जाईल, पण परीक्षकाला नेमकी हीच चूक पटकन दिसते.

आता जेस्टोर. लेखाखालच्या कायमस्वरूपी लिंकमध्ये 'स्टेबल' शब्दापुढे जो आकडा असतो तो जेस्टोरचा अंतर्गत क्रमांक. डीओआय नेहमी १० आणि टिंबाने सुरू होतो. कुठेकुठे त्या आकड्यामागे १०.२३०७ जोडलेलं सापडतं, आणि तिथेच घोळ होतो: त्यातले काही डीओआय खरोखर नोंदवलेले आहेत, काही नाहीत. श्रीनिवासांच्या लेखाचा १०.२३०७/२९४१९१९ हा चालतो. बाकीचे डीओआय डॉट ओआरजीवर जाऊन चौकटीत टाकून बघा. लेख उघडला तर ठेवा, 'सापडला नाही' आलं तर काढा.

डीओआय नसेल आणि लेख जेस्टोरसारख्या डेटाबेसमधला असेल, तर एपीए ७ प्रमाणे पानांच्या आकड्यांवर नोंद संपते. ना लिंक, ना डेटाबेसचं नाव. वर तळटीप यांनी दिलेली ऑम्वेट यांची नोंद म्हणूनच तशी संपते. मार्गदर्शक लिंकच हवी म्हणत असतील तर स्टेबल लिंक द्या, पण मग सगळीकडे द्या.

डीओआय लिहिताना होणाऱ्या चुका: त्याच्यानंतर पूर्णविराम द्यायचा नाही. 'डीओआय:' असं लेबल लावायचं नाही, पूर्ण दुवा लिहायचा. जुन्या नोंदींत सुरुवातीला 'डीएक्स' असेल तर तेवढं खोडायचं. आणि पीडीएफमधून ओळ तुटलेला डीओआय कॉपी केला की मध्ये एक जागा किंवा संयोगचिन्ह शिरतं, दिसायला सगळं ठीक, दुवा मात्र मेलेला.

कासवगती:

दोघांचे आभार. टाइप बदलला, तारीख गेली. डीओआय नसलेल्या साठेक नोंदी आहेत. एकेक शोधावी लागेल का?

अधोरेखित:

नाही. क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर 'सिंपल टेक्स्ट क्वेरी' नावाचं पान आहे. यादी तिथे चिकटवा, ज्यांचा डीओआय सापडेल त्यांच्याखाली तो येतो. आंधळा विश्वास मात्र नको. तुम्ही दिलेलं पुस्तक असेल आणि त्याच नावाचं परीक्षण कुठल्या जर्नलमध्ये आलं असेल, तर परीक्षणाचा डीओआय गळ्यात पडतो. प्रत्येक दुवा उघडून लेखक आणि पहिलं पान जुळवा. गूगल स्कॉलरच्या उद्धरण-चौकटीतून थेट उचलू नका, तिथल्या एपीए नोंदीत डीओआय येत नाही.

पाचवा प्रश्न: एपीएत लेखाचं शीर्षक वाक्यासारखं लिहायचं, म्हणजे पहिला शब्द, विसर्गचिन्हानंतरचा (:) पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल. जर्नलच्या नावात मात्र मुख्य शब्द सगळे कॅपिटल. झोटेरो शीर्षक आपणहून बदलत नाही, तुम्ही भरलंय तसंच छापतं. शीर्षकाच्या रकान्यावर राइट क्लिक, 'ट्रान्सफॉर्म टेक्स्ट', मग 'सेंटेन्स केस'. त्यानंतर विशेषनामं नजरेखालून घाला, नाहीतर 'इंडिया' आणि 'फुले' लहान अक्षरात जातील.

आणि हे सगळं झोटेरोतच करा. वर्डमधली यादी हाताने दुरुस्त केली तर पुढच्या रिफ्रेशला सगळं पुसलं जातं. अगदी शेवटी 'अनलिंक सायटेशन्स' (वर्डमधले संदर्भ झोटेरोपासून तोडणं) करायचं असेल तर आधी फाइलची प्रत काढा, ते परत जोडता येत नाही.

तळटीप:

चौथ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, तो खरा किचकट आहे.

साचा असा: आडनाव, आद्याक्षरं, साल, रोमन लिपीत मराठी शीर्षक, लगेच चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अनुवाद, मग नियतकालिकाचं नाव रोमनमध्ये, खंड, अंक, पानं. अनुवाद फक्त लेखाच्या शीर्षकाचा. 'नवभारत'चं 'न्यू इंडिया' केलंत तर तो अंक ग्रंथालयात कोणाला सापडणार नाही. झोटेरोत चौकोनी कंस शीर्षकाच्या रकान्यातच टाइप करा. रोमन लेखनाला उच्चारचिन्हं लावायची की नाही हे एकदाच ठरवा. 'पत्रिका'वर एका नोंदीत दीर्घ आकाराची रेघ आणि दुसरीत नाही, असं झालं की यादी गबाळी दिसते.

अंकावर 'वर्ष' लिहिलेलं असतं तो खंड. शक छापलेला असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरीपर्यंत ७८ मिळवा आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. शके १८८० चा कार्तिक म्हणजे १९५८, फाल्गुन म्हणजे १९५९. पौषाचा अंक असेल तर पंचांग बघितल्याशिवाय साल लिहू नका.

दिवाळी अंकाला बहुधा खंड-अंक नसतात. तेव्हा सालापुढे स्वल्पविराम देऊन 'दिवाळी' आणि शेवटी पानं. नसलेला खंड क्रमांक रचू नका.

टोपणनाव असेल तर छापलं तसंच. कुसुमाग्रज यांचं शिरवाडकर करायचं नाही. झोटेरोत नावाच्या रकान्याशेजारी एक छोटं बटण आहे, त्याने दोन रकान्यांचा एक होतो, तो वापरा.

कासवगती:

शेवटचं एक. मजकुरात ऑम्वेट यांचं शब्दशः वाक्य घेतलंय. पान १९७३ आहे. (ऑम्वेट, १९७१, १९७३) असं लिहिलं तर दोन लेख वाटतात.

पानकोंबडी:

वाटणारच. आकड्याआधी 'पी.' हवा: (ऑम्वेट, १९७१, पी. १९७३). अवतरण दोन पानांवर पसरलं असेल तर 'पीपी.'. ४० शब्द किंवा जास्त असतील तर अवतरणचिन्हं काढून वेगळा परिच्छेद, डावीकडून अर्धा इंच आत, आणि हा कंस अवतरणाच्या पूर्णविरामानंतर. संदर्भयादीत मात्र पानांआधी 'पीपी.' लावायचं नाही, निदान जर्नलच्या लेखाला नाही. संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला लागतं.