मदत हवी आहे: आई-बाबांना लंडनची ख्रिसमसची रोषणाई कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,
आम्ही रेडिंगला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेत. रीजंट स्ट्रीटवर तारांना टांगलेल्या देवदूतांचा फोटो दाखवला, तर आई म्हणाली, "अगं, या तर पऱ्या!" आता रोज विचारते, कधी जायचं. १९५४ पासून तिथे रोषणाई होते म्हटल्यावर बाबांचीही कळी खुलली. दोघांच्या जन्माच्या आधीपासूनची आहे ना!

अडचण आईच्या गुडघ्यांची. पायऱ्या जमत नाहीत, सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चालते, मग बसायला लागतं. गेल्या वर्षी मी शनिवारी संध्याकाळी लेकीला घेऊन गेले होते. ऑक्सफर्ड सर्कसच्या चौकात अशी गर्दी, की बाबागाडीचं चाक कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकलं आणि दिवे बघायचे राहून मी खाली वाकून गाठ सोडवत बसले. ते परत नको.

एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरायचं ठरवलंय, तिथे लिफ्ट आहे. पण पुढे? डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून छान दिसेल, पण तो जिना आईला झेपायचा नाही. खालून नीट दिसतं का? मंगळवार-बुधवारी गर्दी खरंच कमी असते का? ट्रॅफल्गर स्क्वेअरचं ऑस्लोहून येणारं ख्रिसमसचं झाड त्याच फेरीत होईल, की वेगळा दिवस ठेवू? आणि वाटेत बसायला जागा, स्वच्छतागृह कुठे?

२५ तारखेला ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि बस बंद असतात, म्हणून त्याआधीच उरकायचंय. वयस्कर मंडळींना नेलेल्यांनी जरूर सांगा. थर्मासमधून चहा नेणारच आहे.