कॅनडाचे बंद झालेले सेंट: ढिगातून एरर आणि व्हरायटी वेगळ्या कशा काढायच्या?

मिसिसागाकर

नमस्कार मंडळी. कॅनडाच्या एक सेंटच्या नाण्यांचे तीन डबे हाताशी आहेत, अंदाजे ३,००० नाणी. जॉर्ज सहाव्यापासून २०१२ पर्यंत सगळी सरमिसळ. काही कागदी रोलमध्ये, बाकी सुटी. त्यांतून एरर (टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी) आणि व्हरायटी (एकाच सालातले ठशाचे वेगळे प्रकार) शोधायच्या आहेत. साधनं म्हणाल तर एक साधं भिंग आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

१. सुरुवात कुठून करू? एकेक नाणं भिंगाखाली धरलं तर वर्ष जाईल.
२. १९५५ ची चार नाणी आहेत. एकावर राणीच्या खांद्यावरच्या रेघा दिसत नाहीत. हीच ती महाग व्हरायटी का?
३. २००० च्या आसपासच्या बऱ्याच नाण्यांवर अक्षरं दुहेरी दिसतात. एवढे 'डबल डाय' (डाय म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा साचा, त्यावरच अक्षरं दुहेरी कोरली गेलेली) एका डब्यात कसे?
४. १९८७ चं एक नाणं चांदीसारखं पांढरं आहे.
५. घरातले म्हणतात चिंचेनं घासून घे, मग नीट दिसेल. घासू का?

ढबू पैसा

पाचव्याचं उत्तर आधी, कारण एकदा नाणी घासली की बाकी उत्तरांना काही अर्थ राहणार नाही. घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नको. आम्ल तांब्याचा वरचा थर खातं आणि टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी कायमची जाते. देव्हाऱ्यातला तांब्या लखलखीत झालेला चांगला, नाणं नव्हे. चिकट किंवा तेलकट मळ असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं शुद्ध अॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर बरंच काही असतं), नाणं ५ ते १० मिनिटं बुडवा, दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ अॅसिटोनमधून काढा आणि कागदावर आपोआप वाळू द्या. पुसायचं नाही. खिडकी उघडी, गॅस बंद.

आता वर्गवारी. भिंग सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी लोहचुंबक, मग वजन, मग साल. कॅनडाच्या सेंटचा धातू आणि वजन इतक्या वेळा बदललंय की निम्मं काम काटाच करतो:

१९२० ते १९७९: ३.२४ ग्रॅम, कांस्य
१९८० आणि १९८१: २.८ ग्रॅम
१९८२ ते १९९६: २.५ ग्रॅम, बारा कडांचं
१९९७ पासून: २.२५ ग्रॅम, जस्तावर तांब्याचा मुलामा, पुन्हा गोल
पोलादी, मुलामा दिलेलं: २.३५ ग्रॅम, चुंबकाला चिकटतं. चलनात २००२ पासून, जस्ताच्या जोडीनं.

रोल न फोडताही अंदाज येतो. एका रोलमध्ये ५० नाणी. कागदाचं वजन वजा करून १६२ ग्रॅमच्या आसपास आलं तर सगळी जुनी कांस्याची, १२५ आलं तर बारा कडांची, ११२ ते ११८ आलं तर अलीकडची. मधलाच आकडा आला तर सरमिसळ.

स्वयंपाकघरातला काटा एवढ्यापुरताच. सुट्या नाण्यासाठी सोनार वापरतात तसला ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा लागेल. सोबत १० पट भिंग आणि एका बाजूनं, खालच्या कोनातून प्रकाश टाकणारा टेबललॅम्प. डोक्यावरच्या ट्यूबच्या उजेडात खांद्यावरच्या रेघा दिसत नाहीत.

भिंगवाला

१९५५ बद्दल. उत्तर 'कदाचित' असं आहे, आणि बहुतेक वेळा 'नाही'.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९५३ ला एलिझाबेथचं मेरी गिलिक यांनी केलेलं चित्र आलं. त्याचा उठाव जास्त होता, त्यामुळे खांद्यावरच्या वस्त्राच्या दोन बारीक रेघा ठशात नीट उमटेनात. ओटावाच्या टांकसाळीतले थॉमस शिंगल्स यांनी त्या रेघा ठळक केल्या. म्हणून १९५३ मध्ये दोन्ही प्रकार मिळतात, आणि त्या वर्षी रेघा असलेला कमी मिळतो. १९५४ चा बिनरेघांचा सेंट फक्त संग्राहकांसाठीच्या संचांतून आला, सुट्या चलनात शोधू नका. १९५५ मध्ये मात्र जुना, बिनरेघांचा डाय चलनी नाण्यांसाठी पुन्हा वापरला गेला, आणि तेच नाणं लोक शोधतात. चांगल्या अवस्थेत किंमत तीन आकडी डॉलरमध्ये जाते.

घोळ असा की रेघा हा चित्राचा उंच भाग. नाणं झिजलं की सगळ्यात आधी त्याच जातात. म्हणून रेघा दिसत नाहीत एवढ्यावर ठरवू नका, अक्षरं बघा. बिनरेघांच्या डायवर अक्षरांची टोकं, विशेषतः राणीच्या नावापुढच्या 'डीईआय' (DEI) या शब्दातल्या शेवटच्या उभ्या अक्षराची वरची आणि खालची टोकं, पसरट, तुतारीच्या तोंडासारखी असतात. रेघांच्या डायवर तेच अक्षर जवळजवळ सरळ काठीसारखं असतं. अक्षरं इतक्या लवकर झिजत नाहीत. तुमच्याकडे १९५५ ची आणखी तीन आहेत ना? चारही एका ओळीत ठेवा. तीन एकसारखी आणि चौथ्याची अक्षरं वेगळी दिसली तर पुढे बोलू. चारही सारखी दिसली तर चौथं नुसतं झिजलेलं आहे.

त्याच बैठकीत ही सालं बाजूला काढा:

१९६५: कडेचे मणी लहान किंवा मोठे, आणि सालातल्या पाचाचं टोक बोथट किंवा टोकदार. म्हणजे चार जोड्या. मोठे मणी आणि टोकदार पाच ही जोडी सगळ्यात कमी मिळते. मणी मोठे की लहान हे एकट्या नाण्यावर ठरवायला जाल तर फसाल. १९६५ ची वीस-पंचवीस नाणी एकत्र मांडली की दोन गट आपोआप डोळ्यात भरतात.

१९८५: टोकदार पाच आणि बोथट पाच. बोथट नेहमीचा, टोकदार कमी. खूप किंमत नाही, पण ढिगात खरोखर सापडण्यासारखी हीच.

१९४७: सालाच्या पुढे इवलंसं मेपलचं पान आहे का पाहा. असेल तर ते नाणं १९४८ मध्ये पाडलेलं. याला कारण आपणच. जॉर्जच्या बिरुदावलीत 'एट इंड: इंप:', म्हणजे 'आणि हिंदुस्थानचा सम्राट', असं असायचं. १९४७ ला हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर ते काढून टाकायचं ठरलं, पण नवे डाय वेळेवर आले नाहीत. मग जुन्याच डायवर १९४७ साल ठेवून शेजारी पान ठोकलं. सेंटमध्ये हे नाणं मुबलक आहे, फार पैसे येणार नाहीत. तरी मराठी माणसाच्या संग्रहात हे नसेल तर संग्रह अपुरा, असं माझं मत.

ठोकळा

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. एका डब्यात शंभर 'डबल डाय' सापडले तर त्यांतला एकही डबल डाय नाही असं समजून चाला.

१९९७ पासूनची नाणी मुलाम्याची. ठसा बसताना अक्षराच्या कडेपाशी तांब्याचा पातळ थर ताणला जाऊन फाटतो आणि आतलं जस्त बारीक करड्या रेघेसारखं दिसतं. उघड्या डोळ्यांना ती अक्षराची सावली वाटते. भिंगाखाली सावलीचा रंग करडा दिसला की विषय संपला. हा मुलाम्याचा दोष, हजारोंनी मिळतो, किंमत शून्य.

दुसरा प्रकार सगळ्या सालांत दिसतो. ठोका बसल्यावर डाय किंचित हलतो आणि अक्षराची कड घासून चपटी पायरी तयार होते. ओळखायचं असं: पायरी सपाट, चकचकीत, नाण्याच्या पृष्ठभागालगत असते आणि मूळ अक्षर बारीक झालेलं असतं. यालाही किंमत नाही.

खऱ्या डबल डायमध्ये चूक डाय बनवतानाच झालेली असते. त्यामुळे दुसरं अक्षरही पहिल्यासारखंच गोलाईदार आणि उठावदार असतं, अक्षर एकूण जाड होतं आणि त्याच्या कोपऱ्यांवर खाच दिसते, जणू टोक चिरलंय. शिवाय त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते तसंच, त्याच जागी येतं. एकाच नाण्यावर असेल आणि दुसरं तसं कुठेच नोंदलेलं नसेल तर संशय धरा.

मुलाम्याखालचे फुगवटेही लोक 'एरर' म्हणून विकतात. आत अडकलेल्या हवेचे किंवा गंजू लागलेल्या जस्ताचे ते फोड. घेऊ नका.

मिसिसागाकर

सर्वांचे आभार. सोनारी काटा आणि भिंग आलं. प्रगती अशी: १९५५ ची चारही नाणी अक्षरांवरून एकसारखीच आहेत, म्हणजे तो विषय मिटला. दुहेरी अक्षरांच्या कडेला करडी रेघ आहे. पांढरं १९८७ बारा कडांचं, वजन २.५३ ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही. आणि २००६ चं एक नाणं चुंबकाला चिकटतंय, पण राणीच्या खाली काहीच अक्षर दिसत नाही. त्याचं काय?

ढबू पैसा

पांढरं १९८७: वजन पूर्ण, आकार पूर्ण, चुंबकाला नाही. म्हणजे साधा सेंट, त्यावर नंतर कुणीतरी पांढरा मुलामा चढवला. शाळेच्या प्रयोगशाळेत तांब्यावर जस्त चढवायचा प्रयोग असतो, त्यातून असली नाणी बाहेर पडतात. चुकून दहा सेंटच्या कोऱ्या चकतीवर सेंटचा ठसा बसला असता तर वजन २.०७ ग्रॅम आलं असतं, व्यास १८ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्या काळातली दहा सेंटची चकती निकेलची असल्यानं नाणं चुंबकाला चिकटलं असतं. १९९७ आधीचा कुठलाही सेंट चुंबकाला चिकटला तर मात्र तो टाकू नका, लगेच वजन करा.

१९९७ नंतरचं करडं नाणं मिळालं, म्हणजे तांबं चढलंच नाही असं वाटणारं, तर काट्याचा उपयोग कमी. मुलामा वजनाच्या जेमतेम १.६ टक्के, म्हणजे ०.०४ ग्रॅम. तिथे पृष्ठभाग बघायचा. आम्लानं तांबं उतरवलेलं असेल तर अक्षरं विरघळल्यासारखी, खडबडीत. अस्सल असेल तर जस्तावरही टांकसाळीची झळाळी आणि रेखीव कडा.

भिंगवाला

२००६ चं नाणं नीट सांभाळा, हे खरंच बघण्यासारखं आहे. त्या वर्षी जस्ताच्या नाण्यावर खाली काही नाही, पोलादी नाण्यावर 'पी', आणि वर्षाच्या उत्तरार्धात 'पी' च्या जागी टांकसाळीचं वर्तुळातलं पान. पान असलेली नाणी चिकटणारीही आहेत आणि न चिकटणारीही. खाली 'पी' नाही, पानही नाही, तरी चुंबकाला चिकटतं, ही जोडी दुर्मीळ. बिनखुणेचा डाय पोलादी चकतीवर गेला की असं होतं.

पण आनंद करण्याआधी दोन गोष्टी तपासा. वजन २.३५ च्या जवळ आहे का? आणि जिथे 'पी' असायला हवा ती जागा १० पट भिंगाखाली, दिवा चारही बाजूंनी फिरवून बघा. डायमधल्या खाचेत वंगण आणि धूळ भरली की अक्षर उमटत नाही किंवा भुतासारखं पुसट येतं. पुसट कणा जरी दिसला तरी ते 'पी' चंच नाणं, साधं. जागा अगदी सपाट आणि झळाळी सलग असेल तर पुढे जा.

असं एखादं नाणं प्रमाणित करून घ्यायला हरकत नाही. कॅनडाच्या नाण्यांसाठी तिथले व्यापारी आयसीसीएस या नाणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शेरा मानतात.

ठोकळा

प्रमाणपत्राबाबत एक पुस्ती. १९८५ चा टोकदार पाच किंवा १९६५ चे मणी पाठवत बसू नका, नाण्यापेक्षा शुल्क आणि टपाल महाग पडेल. पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकटीत ठेवा, वर साल आणि व्हरायटी लिहा, पुरे. खिडकी मायलरची (पातळ, पारदर्शक पॉलिएस्टरची) हवी. मऊ, वास येणारं पीव्हीसी प्लास्टिक तांब्यावर हिरवा चिकट थर आणतं.

ठशाच्या एररपैकी दोन घरच्या घरी तपासता येतात. एक, फिरलेला डाय. वरचं आणि खालचं टोक चिमटीत धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवा. छोट्या सेंटची मागची बाजू सरळच यायला हवी. चांगली १५ अंशांहून जास्त कलली तर बाजूला ठेवा.

दोन, कापलेली चकती. कड चंद्रकोरीसारखी खाल्लेली असेल तर कापाच्या बरोबर समोरची कड बघा. अस्सल कापात तिथली कड अशक्त किंवा नाहीशी असते, कारण कड वळवताना समोर दाब द्यायला धातूच नव्हता. कापालगतची अक्षरंही कापाकडे ओढल्यासारखी दिसतात. पक्कडीनं तोडलेल्या नाण्यात अक्षरं मध्येच कचकन तुटतात आणि समोरची कड ठणठणीत असते.

आणि ढिगात १९३६ चा, सालाखाली ठिपका असलेला सेंट दिसला तर शांत राहा. राजा आठवा एडवर्ड पायउतार झाल्यावर नवे डाय येईपर्यंत १९३७ मध्ये १९३६ च्याच डायवर ठिपका देऊन नाणी पाडली गेली, पण सेंटमधली तीनच माहीत आहेत. त्यांतलं एक २०१० मध्ये ४,०२,५०० अमेरिकी डॉलरला गेलं. डब्यातला ठिपका चिकटवलेला, कोरलेला किंवा नुसता मळाचा असणार.

मिसिसागाकर

२००६ चं वजन २.३६, जागा सपाट. पाठवतो आहे. शेवटचं एक: उरलेल्या दोन-अडीच हजारांचं काय करू? जुनं तांबं वितळवून भंगारात द्यायला सांगणारे आहेत.

ढबू पैसा

वितळवू नका. परवान्याशिवाय चलनी नाणी वितळवायला कॅनडाच्या चलन कायद्यात बंदी आहे, आणि सेंटचं वाटप ४ फेब्रुवारी २०१३ ला थांबलं तरी तो अजून कायदेशीर चलन आहे. १९७९ पर्यंतची वेगळी ठेवा, अदलाबदलीला उपयोगी पडतात. बाकीची पन्नास-पन्नासच्या रोलमध्ये बांधून बँकेत नेऊन द्या. आधी फोन करून विचारा, काही शाखा फक्त आपल्या खातेदारांकडूनच घेतात.