बॅकअपमध्ये कोणती पार्टिशन्स घ्यायची? डीटीपीचं मशीन, दोन डिस्क – सल्ला हवा

अक्षरजुळणी

नमस्कार. अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपी ऑफिसमधल्या मशीनचा नीट बॅकअप लावायचा आहे. असेम्बल केलेलं मशीन, विंडोज ११ प्रो, यूईएफआय मोड (बायोसची नवी पद्धत). डिस्क मॅनेजमेंटमध्ये असं दिसतं:

डिस्क ० (५०० जीबी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी): सी ४६५ जीबी, त्यातले साधारण १५० भरलेले, शेवटी रिकव्हरी ७५० एमबी.
डिस्क १ (१ टीबी साधी हार्ड डिस्क): सुरुवातीला १०० एमबीचं बिननावाचं काहीतरी, मग डी 'चालू कामं' ४५० जीबी, ई 'जुनी कामं' ४८० जीबी.

श्रीलिपी, कोरलड्रॉ आणि जुन्या पुस्तकांसाठी पेजमेकर लागतं. फक्त सी ची इमेज (अख्ख्या पार्टिशनची जशीच्या तशी प्रत) घेतली तर पुरेल का? ती छोटी पार्टिशन्स घ्यायची की सोडायची? इमेज ई वर ठेवायचा विचार आहे, तिथे २०० जीबी रिकामे आहेत.

बूटसेक्टर

ते डिस्क १ वरचं १०० एमबीचं पार्टिशन आधी तपासा, बाकीचं नंतर. विंडोज+एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालच्या पट्टीत कंसात काय लिहिलंय ते वाचा. 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' असं असेल, तर तुमचं मशीन दोन डिस्कवर अर्धं अर्धं उभं आहे. विंडोज एनव्हीएमईवर आणि ते सुरू करणारा बूटलोडर जुन्या हार्ड डिस्कवर.

असेम्बल केलेल्या मशीनमध्ये हे बरेचदा सापडतं. विंडोज टाकताना दुसरी डिस्क जोडलेली असली आणि तिच्यावर आधीपासून ईएफआय पार्टिशन असलं, की सेटअप नवं न बनवता तेच वापरतो. तिथली नावंही फसवी आहेत: 'सिस्टीम' लिहिलेलं असतं ते बूटलोडरचं पार्टिशन आणि 'बूट' लिहिलेलं असतं ते विंडोजचं, म्हणजे सी.

याचे दोन परिणाम. फक्त सी ची इमेज नव्या एसएसडीवर उतरवली, तर मशीन सुरू होणार नाही. आणि आज ती हार्ड डिस्क गेली, तर एनव्हीएमई धडधाकट असूनही विंडोज उघडणार नाही.

अक्षरजुळणी

पाहिलं. डिस्क १ वरच्या त्या पार्टिशनवर 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' असंच आहे. डिस्क ० वर तसं काहीच नाही.

बूटसेक्टर

मग या क्रमानं करा.

पहिली इमेज आहे त्या स्थितीत घ्या: डिस्क १ चं ईएफआय, सी आणि रिकव्हरी. ही दुरुस्तीआधीची सुरक्षा. एक काळजी घ्या. ही इमेज कधी रिस्टोअर करावी लागली, तर 'पूर्ण डिस्क' किंवा 'फॉरमॅट अँड रिपार्टिशन' असा पर्याय घेऊ नका, पार्टिशन एकेक निवडा. नाहीतर टूल डिस्क १ चं पार्टिशन टेबल नव्यानं लिहील आणि डी, ई दोन्ही जातील.

मग बूटलोडर एनव्हीएमईवर आणा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर आधी 'सस्पेंड' करा, नाहीतर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', ३०० एमबी. ही रिकामी जागा सी आणि रिकव्हरीच्या मधे येईल. चालतं, ईएफआय डिस्कच्या सुरुवातीलाच हवं असं काही नाही.

नंतर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. खालच्या ओळी इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत:

डिस्कपार्ट
सिलेक्ट डिस्क ०
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=२६०
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=झेड
एक्झिट
बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय

'सिलेक्ट डिस्क' च्या आधी 'लिस्ट डिस्क' देऊन ० म्हणजे एनव्हीएमईच आहे ना, हे आकारावरून पक्कं करा. बूट फाइल्स तयार झाल्याचा संदेश आला, की मशीन बंद करा, डिस्क १ ची साटा केबल काढा आणि सुरू करून पाहा. विंडोज उघडलं तर काम झालं. नाही उघडलं तर बायोसच्या बूट क्रमात एनव्हीएमईवरचं 'विंडोज बूट मॅनेजर' पहिलं आणा. डिस्क १ वरचं जुनं ईएफआय लगेच पुसू नका. त्या १०० एमबीनं काही अडत नाही.

त्यानंतर नवी इमेज घ्या. यापुढे पूर्ण डिस्क ०, बस.

कोथरूडचा_सर्व्हरवाला

वरच्याशी सहमत. छोट्या पार्टिशन्सबद्दल थोडी भर घालतो, कारण लोक जागा वाचवायला नेमकी तीच सोडतात. ईएफआय १०० ते २६० एमबी, रिकव्हरी एक जीबीच्या आत. एमएसआर म्हणून विंडोजनं स्वतःसाठी राखलेलं १६ एमबीचं एक असतं, त्यावर फाइल सिस्टीमच नसते आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते दिसतही नाही. डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट पार्टिशन' दिलं की दिसतं. सगळं मिळून इमेजमध्ये जेमतेम एक जीबी वाढतो आणि तेवढ्यावर मशीन पुन्हा उभं राहणार की नाही हे ठरतं.

रिकव्हरी गेली तरी विंडोज चालतं, हे खरं. पण दुरुस्तीची साधनं त्यात असतात. जानेवारी २०२४ मधलं केबी५०३४४४१ अपडेट असंख्य मशीनवर अडलं, ते हे पार्टिशन लहान पडल्यामुळेच. मायक्रोसॉफ्टनं ते २५० एमबीनं वाढवायला सांगितलं होतं. रिस्टोअरनंतर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी /इन्फो' देऊन पाहा. 'डिसेबल्ड' आलं तर 'रीएजंटसी /इनेबल'.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: सी इमेजमध्ये, डी फाइल म्हणून. डी इमेजमध्ये घातलं तर काल चुकून सेव्ह झालेली एक कोरल फाइल परत आणायला शेकडो जीबीची इमेज उघडत बसावं लागतं. डी साठी फ्रीफाइलसिंक लावा आणि त्यातलं 'व्हर्जनिंग' चालू ठेवा, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या फाइलची जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. नुसतं मिररिंग नको. डी वर पुसलेली फाइल पुढच्या फेरीत बॅकअपमधूनही पुसली जाते, आणि रॅन्समवेअरनं बिघडवलेल्या फाइल चांगल्यांच्या जागी जाऊन बसतात.

आणि ई वर इमेज ठेवू नका. डी आणि ई ही दोन अक्षरं असली तरी डिस्क एकच. ती गेली की चालू कामं, जुनी कामं आणि इमेज तिन्ही एकदम जातील.

टाइपसेटर_नारायणपेठ

डीटीपीवाल्यांसाठी सी ची इमेज का अत्यावश्यक आहे, ते सांगतो. फॉन्ट डी वर नसतात. सगळ्यांसाठी टाकलेले फॉन्ट विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये जातात. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साधं 'इन्स्टॉल' दाबलं, तर फॉन्ट त्या युजरच्या 'अ‍ॅपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\फॉन्ट्स' मध्ये बसतो. विंडोजचं फोल्डर तेवढं कॉपी करणाऱ्यांचे हे फॉन्ट मागे राहतात. पेजमेकरच्या जुन्या फाइलमध्ये मजकूर युनिकोड नसतो. त्या आवृत्तीचा नेमका फॉन्ट नसेल, तर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पुस्तकाची फाइल शाबूत असून उपयोग नाही. म्हणून इमेजशिवाय सगळ्या फॉन्टची एक प्रत डी वरही ठेवा. कोरलचे तुमचे वर्कस्पेस, पॅलेट, कीबोर्ड शॉर्टकट हेही 'अ‍ॅपडेटा' मध्येच असतात.

जे सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायच्या लायसनच्या किल्लीवर) चालतं, त्याचं लायसन इमेजमध्ये येत नाही. ड्रायव्हर येतो, डोंगल जपावं लागतं.

सगळंच_घ्या

एवढी निवड कशाला? दोन्ही डिस्क पूर्ण घ्या, काही राहून जायची भीतीच नाही.

कोथरूडचा_सर्व्हरवाला

एकदाच घ्यायचा असेल तर जरूर. पण दर आठवड्याला घ्यायचा असेल तर नाही. सी चे १५० जीबी, त्यातून पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल बहुतेक टूल आपोआप वगळतात, वर कॉम्प्रेशन. इमेज साधारण ८० ते १०० जीबीची होते. यूएसबी ३ च्या पोर्टवर अर्धा-पाऊण तास. त्यात डी, ई चे सहा-सातशे जीबी घातले की काही तास जातात, आणि मग तो बॅकअप लांबणीवर पडत राहतो. ई तर बदलतच नाही. त्याच्या दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती करा, जुनं काम तिकडे हलवलं की तेवढीच भर टाका.

अक्षरजुळणी

पटलं. टूल कोणतं घेऊ? फुकट असेल तर बरं.

बूटसेक्टर

मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. विकत घ्यायची तयारी असेल तर आजही माझी पहिली शिफारस तीच, कारण 'विंडोज सुरू व्हायला लागणारी पार्टिशन्स' ते स्वतः ओळखून निवडतं. फुकटात वीम एजंट घ्या. चालू विंडोजमधूनच इमेज घेतं आणि त्यातून एकटी फाइलही काढता येते. क्लोनझिला भरवशाचं आहे, पण पेनड्राइव्हवरून बूट करावं लागतं, एकटी फाइल सहज निघत नाही आणि रिस्टोअरला तेवढीच किंवा मोठी डिस्क लागते. क्लोनझिला वापरायचं तर आधी शिफ्ट धरून शटडाउन करा. फास्ट स्टार्टअपमुळे सी अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि क्लोनझिला तो घ्यायला नकार देतं.

कंट्रोल पॅनेलमधलं 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' नको. मायक्रोसॉफ्टनं २०१७ पासूनच त्यावरचं काम थांबवलंय.

बिटलॉकरबद्दल: चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये डेटा उघडा असतो, म्हणून इमेजला पासवर्ड लावा. बाहेरून बूट करून घेतली तर कुलूपबंद सेक्टर जसेच्या तसे कॉपी होतात, म्हणजे १५० च्या जागी पूर्ण ४६५ जीबी.

पर्वती_लिनक्स

याच धाग्यात विचारतो. विंडोजशेजारी उबुंटू आहे, स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) घ्यावं का?

बूटसेक्टर

नको, त्यात जपण्यासारखं काही नसतं. पण त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. नवं स्वॅप बनवताना तोच द्या किंवा एफस्टॅबमधली (सुरू होताना जोडायच्या पार्टिशन्सच्या यादीतली) ओळ बदला, नाहीतर प्रत्येक वेळी सुरू होताना दीड मिनिट वाट पाहत बसेल. ईएफआय मात्र दोघांचं एकच असतं, ते घ्यायलाच हवं.

अक्षरजुळणी

शेवटचा प्रश्न, बाहेरची डिस्क किती मोठी घेऊ?

कोथरूडचा_सर्व्हरवाला

२ टीबीच्या दोन. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, कुठूनही, पण बिल आणि वॉरंटीसह सीलबंद. एक ऑफिसात, एक घरी, आणि दर आठवड्याला अदलाबदल. फॉरमॅट एनटीएफएस, फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि इमेज मधेच अडते.

इमेजचं वेळापत्रक गुरुवारी ठेवू नका, देखभालीसाठी वीज जायची शक्यता त्याच दिवशी जास्त. यूपीएसवर डेस्कटॉपसोबत बाहेरची डिस्कही घ्या, तिला वेगळा अ‍ॅडॉप्टर असेल तर तोही.

पहिली इमेज झाली की टूलमधून रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि एनव्हीएमई व बाहेरची डिस्क दोन्ही दिसतात का ते पाहा. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनवर बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) चालू असेल तर एनव्हीएमई दिसत नाही. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर त्या पेनड्राइव्हमध्ये घालावा लागतो. बायोसमध्ये व्हीएमडी नुसतंच बंद करू नका, मग विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकेल. दोन्ही डिस्क दिसल्या की इमेजवर 'व्हेरिफाय' चालवा, आणि ती विंडोजमध्ये उघडून त्यातून एक फॉन्ट डेस्कटॉपवर काढून बघा.