व्हीगनला मराठी शब्द काय? ‘वनस्पतीजन्य’ म्हटलं तर डालडा समजतात

खोलीवर_राहणारा: सोलापुरात शिकायला येऊन खोली करून राहणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही स्वयंपाकाची पुस्तिका करतोय. एक शेगडी, एक तवा, एक कुकर एवढ्यावर होणारे पदार्थ. मांस-अंडी नाहीत, शिवाय दूध, दही, तूप आणि मधही नाही. नाव ठेवलं होतं ‘वनस्पतीजन्य स्वयंपाक’. मेसच्या मावशींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “वनस्पती आम्ही कधीच बंद केलं की, गोडंतेलच वापरतो.” त्यांना डालडा वाटला. ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणावं तर त्यात ताक-तूप आलंच. दुसरा शब्द सुचवा.

ह्रस्वदीर्घ: आधी ‘वनस्पतिजन्य’ लिहा, समासात ‘ति’ ह्रस्व. शब्द उत्तम आहे, एका मेसमध्ये कळला नाही म्हणून टाकू नका. अधिक नेमका हवा तर ‘निर्दुग्धाहार’. आयता इंग्रजी शब्द उचलला की मराठीची घडण थांबते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मंगळवारपेठ: सर, निर्दुग्धाहार म्हटल्यावर पोरं पथ्याचं जेवण समजतील. आणि इंग्रजीत तरी तो शब्द कुठे जुना आहे? १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून घडवला. आपल्याकडे २०२२ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आहेत. पाकिटावर मुलं तोच शब्द वाचतात. ‘व्हीगन’ लिहा आणि मोकळे व्हा.

दोन_वाट्या: आमच्या दिगंबर जैन घरात ‘रसत्याग’ म्हणतात. आजी कधी दूध सोडायची, कधी तूप. पण तो शब्द इथे बसणार नाही. रसांत तेल, गूळ आणि मीठही येतं, आणि तिथे जिभेवर ताबा हा हेतू असतो. व्हीगन माणूस जनावरासाठी दूध सोडतो.

भीमाकाठ: मी म्हशी राखणाऱ्या घरातला, पंढरपुरी म्हशी आहेत आमच्या. आमच्याकडे जनावरालाही ‘दुभतं’ म्हणतात आणि दूध-दही-तुपालाही. मग ‘बिनदुभत्याचं जेवण’ म्हणा, मावशींना लगेच कळेल. पण जनावरासाठी दूध सोडायचं, हे मला पटत नाही. आम्ही आधी रेडकाला पाजतो, म्हैस पान्हावली की मग धार काढतो.

दोन_वाट्या: दादा, रेडकाला पुरेसं मिळतं का? आपली भाषाच बघा. म्हशीनं रेडकासाठी दूध राखलं तर आपण म्हणतो ‘पान्हा चोरला’. दूध तिचं, आणि चोर तीच?

भीमाकाठ: बोलायची रीत आहे ताई ती. तिला चोर समजून कुणी मारत नाही.

मंगळवारपेठ: सगळेच तुमच्यासारखे नसतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘फुका’ हा देशी शब्द जसाच्या तसा आहे. दूध जास्त निघावं म्हणून गाई-म्हशीच्या योनीत हवा फुंकायची, त्यावर बंदी. दूध वाढवायला अपायकारक इंजेक्शन देणंही त्याच कलमात येतं. मला वाटतं आपलं ‘फुकट’ या फुक्यावरूनच आलं असणार.

ह्रस्वदीर्घ: पुराव्याशिवाय अशा व्युत्पत्त्या पसरवू नका. ‘फुंकणे’ आणि ‘फुकट’ यांचं नातं आधी दाखवा.

भीमाकाठ: असलं करणाऱ्याला आमच्याकडे कुणी गोठ्यात उभं करणार नाही. तो गुन्हाच. पण त्यावरून दूध घेणाऱ्या सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

खोलीवर_राहणारा: मंडळी, मुखपृष्ठ छपाईला द्यायचंय. ‘बिनदुभत्याचं’ मला आवडलं, पण पुण्या-मुंबईकडून आलेल्या मुलांना ‘दुभतं’ कळेल का? आणि आत शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून केलेलं ‘दूध’ आहे चहासाठी. त्याला दूध म्हणायचं का?

ह्रस्वदीर्घ: नाही. दूध स्तनातून येतं.

भीमाकाठ: सर, यात मी पोरांच्या बाजूनं. ज्वारीच्या दाण्यात दूध भरतं म्हणतोच की आम्ही. नारळाचं दूध तर तुम्हीही म्हणत असाल.

दोन_वाट्या: शेंगदाण्याच्या दुधाला कशाला जाता? इथलं निम्मं जेवण मुळात असंच आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याचं माडगं. शेंगोळे घ्याच: हुलग्याच्या पिठात लसूण, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं, बोटाएवढे वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवायचे. एका कुकरात जेवण, खिशाला परवडणारं. शेंगांसारखे दिसतात म्हणून शेंगोळे.

मंगळवारपेठ: शेंगोळे नाही, शिंगोळे. वळून शिंगासारखा बाक देतात म्हणून.

भीमाकाठ: आमची आई सरळच वळते. शेंगोळेच.

ह्रस्वदीर्घ: दोन्ही रूपं ऐकली आहेत, पण ‘शिंग’वरून आलेलं मला जास्त संभवनीय वाटतं. ‘ओळे’ हा प्रत्यय आणखी कुठे दिसतो ते पाहून लिहितो.

खोलीवर_राहणारा: पुस्तिकेत कोणतं छापू?