प्रोटॉनला 'मूलकण' म्हणणं आता थांबवायचं का?

खडूवाली
परवा भाचीच्या वहीत वाक्य दिसलं: 'प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन हे तीन मूलकण आहेत.' मी पहिल्या दोन नावांवर लाल काट मारली आणि घरात वाद पेटला. प्रोटॉन-न्यूट्रॉन क्वार्क नावाच्या आणखी बारीक कणांचे बनलेत, ही कल्पना १९६४ सालची. १९६८च्या सुमारास स्टॅनफर्डच्या प्रवेगकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवले, तेव्हा आत आणखी बारीक काहीतरी आहे हे दिसलंच. ज्याच्या पोटात क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन आहेत, तो 'मूल' कसला? त्याच्यासाठी 'अवअणुकण' (अणूहून लहान कण) आहे की. मूलकण हा शब्द इलेक्ट्रॉन, क्वार्क, न्यूट्रिनो वगैरेंसाठी राखून ठेवा.

निवृत्त_भाऊ
असहमत. नाव म्हणजे व्याख्या नव्हे. अणूचं ग्रीक नाव ज्या शब्दावरून आलं त्याचा अर्थ 'न चिरता येणारा'. अणू फुटला, बॉम्ब झाला, नाव तसंच आहे. सोन्याला, लोखंडाला आपण मूलद्रव्य म्हणतो, तेव्हा कोणी मूळ शोधायला जातं का? आणि 'अवअणुकण' पाच वेळा म्हणून दाखवा. 'अव' ऐकलं की मला अवगुण नि अवकृपाच आठवते.

खडूवाली
भाऊ, मूलद्रव्याचा दाखला माझ्याच बाजूचा आहे! रासायनिक क्रियेनं त्याचं आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही, म्हणून रसायनात तो शब्द आजही खरा आहे.

रात्रपाळी
न्यूट्रॉन तर उघडच बाद. केंद्रकाबाहेर एकटा ठेवला की साधारण पंधरा मिनिटांत त्याचे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो होतात. फुटतो तो मूलकण कसा?

किरणोत्सारी
रात्रपाळी, निष्कर्ष बरोबर, कारण चूक. न्यूट्रॉनच्या आत इलेक्ट्रॉन दडून बसलेला नसतो, क्षय होताना तो तयार होतो. इलेक्ट्रॉनचा जड भाऊ म्यूऑन बघा. २.२ मायक्रोसेकंदांत त्याचा इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो होतात, तरी तो मूलकणांत मोडतो, कारण त्याला अंतर्गत रचना असल्याचं आजवर दिसलेलं नाही. मूल म्हणजे अमर नव्हे.

म्यूऑनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या नावाची गंमत सांगतो. १९३६-३७मध्ये तो सापडला. वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या मधलं, म्हणून 'मेसोट्रॉन' हे नाव चाललं. १९३९मध्ये आपल्या होमी भाभांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं की 'मेसो' (मधला) या ग्रीक धातूत 'ट्र' येतोच कुठून, 'मेसॉन' पुरे. शब्द रुजला. पण ज्या कणाचं नाव त्यांनी सुधारलं, तोच पुढे मेसॉन नाही असं निघालं! जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावांनी १९३५मध्ये भाकीत केलेला खरा मेसॉन म्हणजे पायॉन, तो १९४७मध्ये ब्रिस्टलच्या गटाला सापडला. आज मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी. १९७७मध्ये सापडलेला अप्सायलॉन हा मेसॉन प्रोटॉनच्या दहापट जड आहे. मधला कुठला घेऊन बसलात!

निवृत्त_भाऊ
म्हणजे माझंच खरं झालं. अर्थ सरकतो, शब्द राहतो.

किरणोत्सारी
अर्धंच खरं, भाऊ. अर्थ सरकला तेव्हा म्यूऑनला त्या घरातून बाहेर काढलं. शब्द ठेवला, यादी बदलली. मूलकणाचंही तसंच करा: शब्द राहू दे, प्रोटॉन-न्यूट्रॉन बाहेर.

खडूवाली
लाल काटेनं मी तेवढंच तर केलं होतं.

नाशिकचा_रेणू
अवांतर: आधी अणूचाच घोळ निस्तरा. आपला अणू म्हणजे हिंदीतला परमाणु आणि आपला रेणू म्हणजे हिंदीतला अणु. म्हणून भाभा केंद्र हिंदीत 'परमाणु अनुसंधान' आणि मराठीत 'अणुसंशोधन'. हिंदी माध्यमातून आलेल्या पोरांचा पहिला आठवडा यातच जातो.

दुसरं म्हणजे, रसायनात 'मूलक' आहेतच, म्हणजे ठरावीक संयुजा (जोडलं जाण्याची क्षमता) असलेले अणू वा अणुगट. एकदा फळ्यावर जागा संपली म्हणून मी 'मूलक' वर आणि 'ण' खालच्या ओळीत लिहिला. मागच्या बाकावरून प्रश्न: "सर, ण या मूलकाची संयुजा किती?"

रात्रपाळी
😂 मग किती सांगितली?

निवृत्त_भाऊ
ताई, ते राहू द्या. भाचीच्या वहीचं पुढे काय झालं?

खडूवाली
तिनं 'मूल' खोडून नुसतं 'कण' ठेवलं. बाईंनी बरोबरची खूण दिली.